नानांचा भाचा

डोंबिवलीत त्या वर्षांत भाच्यांना तोटा नव्हता. प्रत्येक चाळीत दोन-तीन बिऱ्हाडांआड एक भाचा असे. कोणी मुंबईला कॉलेजात जाई, कोणी एखाद्या कचेरीत उमेदवारी करी. तो जेवणाखाण्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला देई, गॅलरीत वळकटी पसरून झोपे आणि घरमालकाला मामा म्हणे. त्याची आई कोण, हे कोणी विचारत नसे. घरात लग्नाची मुलगी, तरणी सून. अशा घरात पैसे घेऊन परका पुरुष ठेवला असं म्हणवून घेणार कोण? भाचा म्हटलं की सगळ्यांचीच अब्रू झाकली जाई. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्यामुळे ते खोटं आहे असंही कोणाला वाटत नव्हतं.

नाना मेढेकरांच्या घरचा भाचा श्रीपाद केरकर. तीन वर्षांपूर्वी तो मडगावहून आला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं पोरगं होतं. नाना ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन बारा-पंधरा वर्षं झालेली. मुलगी मंदाकिनी चौतिशीची, बिनलग्नाची, ठाण्यालाच मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी. श्रीपादला जिन्यातून वर आणताना नानांनी शेजारच्या सरोजकाकूंना सांगितलं, "आमचा भाचा हो." काकू म्हणाल्या, "अगबाई, डोळे अगदी तुमच्यावर गेलेत." झालं. तेव्हापासून श्रीपाद नानांना मामा म्हणू लागला, दार लावून घेतल्यावरसुद्धा. मंदाकिनी त्याची मंदाताई झाली.

आणि म्हणूनच दिवाळीनंतरच्या आठवड्यात नाना गॅलरीतल्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचता वाचता गेले, तेव्हा अग्नी कोणी द्यायचा हा प्रश्न कोणाला पडला नाही. मुलगा नाही, पण भाचा आहे की. बाळंभटांनी विचारलं, "कोण?" चाळीतले पुरुष म्हणाले, "भाचा." भटजींनी मडकं श्रीपादच्या हातात दिलं. मंदाकिनी वर दारात उभी होती. ज्याने अग्नी दिला त्यानेच दहा दिवस पाळायचे, हे तिला माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यात काही शिरतच नव्हतं. नानांचा चष्मा तिच्या हातात होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी, श्रीपाद क्रियेला खाडीवर गेलेला असताना, फौजदार आला.

तो साध्या कपड्यांत होता. कोट, डोक्याला टोपी, हातात छत्री. उंबऱ्याबाहेर वहाणा काढून तो तिथेच उभा राहिला.

"मंदाकिनीबाई मेढेकर आपणच? मी घोलप. ठाण्याहून आलोय, पोलिसातनं. वेळ वाईट आहे, कळतंय मला. पण माझी तारीख तुमच्या सुतकाला थांबत नाही."

"या ना. बसा."

तो सतरंजीच्या कडेला बसला. पाण्याला त्याने हातानेच नको म्हटलं.

"केरकरने विमान चालवायला शिकायचा अर्ज केलाय. मुंबईच्या क्लबात. ठाऊक असेल."

"हो. नानांनीच करायला लावला."

"आपल्याकडचा पोरगा असता तर डॉक्टरचा दाखला, फी, की चालला. पण हा गोव्याचा. म्हणजे कागदावर पोर्तुगीज प्रजा, परक्या देशाचा माणूस. परक्याच्या हातात विमान द्यायचं म्हणजे आधी त्याची चौकशी. दिल्ली मुंबईला विचारते, मुंबई ठाण्याला, ठाणं मला. मी कोणाला विचारू? तुम्हाला." तो किंचित हसला. "त्यात ऑगस्टमध्ये गोव्याच्या सीमेवर सत्याग्रह्यांवर गोळ्या चालल्या. हद्द बंद. अशा वेळी जो तो दोनदा विचारतो."

"विचारा."

"कोण लागतो तो तुमचा?"

"आतेभाऊ," मंदाकिनी म्हणाली. तिने ते ठरवून म्हटलं नव्हतं. तीन वर्षांत इतक्यांदा म्हटलेलं होतं की ते तोंडातून आपोआप आलं, जशी कोणी हाक मारल्यावर ओ येते. "नानांच्या दूरच्या बहिणीचा मुलगा."

घोलपांनी काही लिहिलं नाही. छत्रीचं टोक ते जमिनीवर हळूहळू फिरवत राहिले.

"काल संध्याकाळी मी खालपासून वरपर्यंत चाळ फिरलो. सगळे हेच म्हणाले. चांगलं झालं. शेजारच्या सरोजबाई तर त्याच्या बारशाला वेंगुर्ल्याला जाऊन आल्यात. घुगऱ्या खाल्ल्या म्हणाल्या. पाळणा कुठला म्हटला तेही सांगत होत्या, मी थांबवलं."

एरवी मंदाकिनीला हसू आवरलं नसतं. नाना तर खुर्चीतून खाली आले असते. नानांना बहीणच नव्हती, सख्खी ना दूरची. आणि सरोजकाकू आयुष्यात पनवेलच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

"आता त्याने स्वतः अर्जात काय लिहिलंय ते सांगतो. जन्म मडगावचा. हिंदुस्थानात नातेवाईक कोणी नाही. राहायला मेढेकर मास्तरांकडे, पैसे देऊन." घोलपांनी वर पाहिलं. "म्हणजे बाई, भाचा असेल तर पोराने सरकारला खोटं लिहून दिलं. नसेल तर अख्ख्या चाळीने मिळून परक्या देशाचा माणूस तीन वर्षं लपवला. दोन्हीतलं मी काय लिहू? दिल्लीत बसून वाचणारा तुमची डोंबिवली पाहायला येणार नाही."

मंदाकिनीने पदर सावरला.

"आणि नेवाळी," घोलप म्हणाले.

"काय नेवाळी?"

"कल्याणच्या पुढची. लढाईत इंग्रजांनी विमानं उतरवायला पट्टी केलेली आहे ना? दर रविवारी हा तिथे असतो, असं खालचे पोपटराव म्हणाले. पावलांनी ती मोजतो. कागदावर खुणा करतो. पोपटरावांनी कौतुकाने सांगितलं हो. पण मला ते लिहावं लागेल."

"नाना न्यायचे त्याला," ती म्हणाली. आवाज चढला तसा तिनेच तो खाली आणला. "वीटभट्टीचा धूर बघून वारा कुठून आहे ते ओळखायला लावायचे. चुकला की उन्हात उभा करायचे, वर्गात करायचे तसे. नकाशा वाचायला शिकवला त्याला नानांनीच. त्याचं हे सगळं वेड नानांचं आहे."

"नाना असते तर मी इथे एवढा बसलोच नसतो. मास्तरांचा शब्द पुरला असता." घोलप उठले. "उद्या संध्याकाळी माझा कागद जातो. तुम्ही आत्ता जे सांगितलं ते मी ऐकलं नाही असं धरतो. सुतकात माणूस भांबावतं. उद्यापर्यंत विचार करा. पण एक सांगतो, नुसता मला कानात सांगितलेला शब्द नको. शेजाऱ्यांनी दिलेली जबानी खोडायची तर त्यांच्यासमोर, आणि दोन पंचांच्या सह्या. शब्द फिरवलेला चालतो. पण चोरून फिरवलेला चालत नाही."

जिन्यात त्यांची छत्री कठड्याला लागत गेल्याचा आवाज आला. तो थांबतो न थांबतो तोच सरोजकाकू दारात.

"गेला का गं? घाबरू नकोस. आम्ही असं छान सांगितलंय ना!"

"काकू, बारसं कशाला सांगायचं?"

"अगं, नुसतं भाचा म्हटलं तर कोण विश्वास ठेवतो? काहीतरी नाव-गाव नको?" काकूंचे डोळे भरून आले. त्या खरोखरच मनापासून बोलत होत्या. "नानांच्या माघारी त्या पोराला दुसरं कोण आहे? आणि तुला?"

श्रीपाद दुपार होताना आला. ओला पंचा, उघडं अंग, रोजच्या एका वेळच्या जेवणाने खप्पड झालेला चेहरा. मंदाकिनीने त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकता ऐकता तो भिंतीला टेकून खाली बसला.

"तू अर्जात खरं कशाला लिहिलंस?" तिने विचारलं.

"मामा म्हणाले. म्हणाले, विमानवाल्यांना खोटी उंची नि खोटं अंतर सांगणारा माणूस नको असतो. जे आहे ते लिही." त्याने मान खाली घातली. "मामांना वाटलं असेल, विचारायला आले तर मी आहेच."

"हं."

"ताई, मी अर्ज मागे घेतो. उद्याच मुंबईला जाऊन घेतो. म्हणजे हा कागद जायचाच नाही."

"आणि मग?"

"मग काय? कुठेतरी कारकुनी करीन. भाचा तो भाचाच राहीन." त्याने मान वर केली. "तुम्ही उद्या लोकांसमोर सांगणार, हा आपला कोणी नव्हे. तीन वर्षं पैसे घेऊन घरात ठेवलेला परका मुलगा. मामा आता नाहीत. नऊ दिवस या घरात तुम्ही आणि मी, दोघंच. तुमच्या शाळेत काय म्हणतील? ती कमिटी? मुलींची शाळा आहे ताई."

हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. फौजदार बोलत असतानाच आलं होतं. गेल्या वर्षी एका बाईंना कोणा दूरच्या नातेवाइकाबरोबर सिनेमाला गेल्यावरून घरी बसावं लागलं होतं. आणि तो तर नातेवाईक होता.

"आणि क्रिया?" श्रीपाद अगदी हळू म्हणाला. "मी अग्नी दिलाय. कोणी म्हणालं की हे सगळं फुकट गेलं, तर? मामांचं काय?" मग घरची बोली तोंडात आली. "हांव कोण तांचो?" मी त्यांचा कोण, असं तो स्वतःलाच विचारत होता.

मंदाकिनी उठून आत गेली. पेल्यात पाणी घेतलं, ते प्यायची विसरली. नाना या खोलीत चाळीस वर्षं राहिले. भूगोलाच्या तासाला चुकीच्या जागी टिंब दिलेला नकाशा ते फाडायचे नाहीत, मुलाला पुसायला लावायचे. सगळ्या वर्गासमोर, फळ्यावर. मुलं रडत. नाना म्हणत, "एकट्यात पुसलेली चूक पुन्हा उगवते." त्या माणसाने एक खोटं मात्र जिन्यात उभं राहून हसत हसत सांगितलं होतं आणि मरेपर्यंत पुसलं नव्हतं. कोणासाठी? तिच्यासाठी. तिच्या नावाला काही लागू नये म्हणून. याचा तिला राग आला, आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली. आवाज न करता, मोरीच्या भिंतीला कपाळ टेकून.

बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "अर्ज मागे घ्यायचा नाही. उद्या मी येते खाडीवर."

"बायका येत नाहीत तिथे."

"ठाऊक आहे मला."

मोठागावच्या खाडीवर सकाळी ओहोटी होती. चिखलाचा उग्र वास. वाळूच्या दोन होड्या कलंडून पडलेल्या. बाळंभट चूल मांडून पिंडांचा भात शिजवत होते. चाळीतले सातआठ पुरुष धोतरं वर खोचून उभे होते. सरोजकाकूंचे यजमान आनंदराव पुढे. मंदाकिनी उतारावरून खाली येताना दिसली तसं सगळ्यांचं बोलणं बंद पडलं. तिच्या मागून, बऱ्याच अंतरावरून, छत्री टेकत घोलप येत होते. त्यांना तिने पहाटे भिवा दूधवाल्याकडून निरोप धाडला होता.

"मंदा, तू कशाला आलीस?" आनंदराव म्हणाले. "काही राहिलं का घरी?"

"एक सांगायचं राहिलंय काका. भटजी, संकल्प सोडलात का?"

"सोडतोच आहे. बसा हो केरकर. पवित्रक घाला. मम मातुलस्य..."

"थांबा," मंदाकिनी म्हणाली. "हा नानांचा भाचा नाही."

बाळंभटांचा हात पळीवर तसाच राहिला.

"नानांना बहीण नव्हती. श्रीपाद गोव्याचा आहे. आमच्याकडे पैसे देऊन राहतो. आमचं-त्याचं नातं काही नाही." प्रत्येक वाक्य वर्गात शुद्धलेखन घालावं तसं ती सुटंसुटं बोलत होती. "भाचा म्हणून नानांनी सांगितलं, मीही सांगितलं. चाळीतल्या माणसांनी आमच्यावरच्या मायेने सांगितलं. ते खरं नाही. घोलपसाहेबांनी लिहून घ्यावं."

कोणी चकित झालं नाही. तेच भयंकर होतं. सगळे खाली चिखलाकडे बघत होते, एखाद्याचं धोतर भर रस्त्यात सुटावं आणि बाकीच्यांनी नजर वळवावी तसे. जे प्रत्येकाला माहीत होतं ते तिने उघड्यावर बोलून दाखवलं होतं.

"ही काय बोलायची जागा झाली?" आनंदराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"सगळे इथेच आहात काका. आणि नानांच्या नावाने आज पुन्हा खोटं नातं म्हटलं जायला नको."

"अगं पण आमचं काय? एका घरचा भाचा खोटा म्हटला की उद्या लोक आमच्याही घराकडे बोट दाखवतील. घरात माझ्या दोन मुली आहेत!"

पोपटराव वळले आणि उतार चढू लागले. त्यांच्यामागून आणखी दोघे गेले. श्रीपाद पाटावर दर्भ धरून बसला होता. तो उठू लागला.

"बसा!" बाळंभट खेकसले. "कोण म्हणालं उठा?"

"भटजी, माझा अधिकार..."

"अधिकार मी ठरवायचा की तुम्ही? अग्नी देताना कोणी विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही मंडळींनी भाचा म्हटलं, मी ऐकलं. माझीही चूक, नीट विचारलं नाही." ते मंदाकिनीकडे वळले. त्यांचा राग अजून उतरला नव्हता. "मेढेकरांनी याला काही शिकवलं का हो? की नुसतं जेवायलाच घातलं?"

"शिकवलं," ती म्हणाली. "तीन वर्षं. तो जे काही शिकला ते नानांकडूनच."

"मग झालं तर. कोणी नसेल तिथे शिष्याला सांगितलेलं आहे. शास्त्र तुमच्या चाळीपेक्षा मोठं आहे." त्यांनी पळी पुन्हा उचलली. "मम गुरोः... म्हणा. मोठ्याने म्हणा, पुटपुटू नका."

श्रीपादने म्हटलं. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा खाडीच्या पलीकडे जाईल एवढा आला.

क्रिया संपेपर्यंत घोलप एका कलंडलेल्या होडीला टेकून उभे होते. मग त्यांनी मंदाकिनीचं बोलणं तिथेच, होडीच्या पाठीवर कागद ठेवून लिहून घेतलं आणि तिची सही घेतली. "पंच दोन लागतात."

बाळंभटांनी हात पंच्याला पुसून सही केली. दुसऱ्या सहीसाठी घोलपांनी उरलेल्यांकडे पाहिलं. कोणी पुढे येईना. भरतीचं पाणी चिखलात शिरू लागलं होतं. मंदाकिनी कोणाकडेच बघत नव्हती. एक सही राहिली तर हे सगळं बोलणं कानात सांगितल्यासारखंच होणार होतं.

"परवा मी तुम्हाला लिहून दिलंय तो भाचा म्हणून," आनंदराव अखेर म्हणाले. "आता सही केली तर मी खोटा पडतो."

"पडता," घोलप म्हणाले.

"त्याला काही शिक्षा?"

"मी लिहीन, साक्षीदाराने आपण होऊन दुरुस्ती केली. आपण होऊन केली तर."

आनंदरावांनी कागद ओढून घेतला. "सरोजच्या घुगऱ्यांचं तेवढं काढून टाका हो," ते सही करता करता म्हणाले, "बाईमाणसाला उगीच दिल्लीपर्यंत नेऊ नका."

घोलपांनी कागदाची घडी घातली. "मी लिहितो, माझा आक्षेप नाही. नेवाळीचंही जसं सांगितलंत तसं लिहितो. पुढे वरचे काय म्हणतील ते मला ठाऊक नाही." मग श्रीपादकडे वळून म्हणाले, "बाराव्या-तेराव्याचं उरकलं की बिऱ्हाड हलवा. हे कायद्यातलं नाही. बाईंनी तुमच्यासाठी केलं तेवढं पुरे."

तेराव्याला जेवायला थोडेच आले. चौदाव्या दिवशी श्रीपाद ट्रंक घेऊन ठाण्याला एका खाणावळीत राहायला गेला. जाताना त्याने दारातूनच नमस्कार केला. सुतक फिटल्यावर मंदाकिनी शाळेत गेली तेव्हा कमिटीने तिला बोलावून घेतलं. तिला खुर्ची दिली नाही. तिने जे खाडीवर सांगितलं तेच तिथे सांगितलं, त्याच शब्दांत. कामावर ठेवलं, पण वरच्या वर्गाच्या मुली तिच्याकडून काढून घेतल्या. चाळीतल्या नळावर ती आली की बायका बोलायच्या थांबत. सरोजकाकू दोन महिने तिच्याशी बोलल्या नाहीत.

दिल्लीकडून काही कळत नव्हतं. पौष गेला, माघ गेला. क्लबात विचारायला गेलं की कारकून मान हलवी. श्रीपाद एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला होता, हे तिला बाळंभटांकडून कळलं. तो चाळीकडे फिरकला नाही; फिरकू नये हे त्यालाही कळत होतं.

चैत्रातल्या एका रविवारी भर दुपारी मंदाकिनी गॅलरीत गहू निवडत बसली होती. जिन्यावर पावलं वाजली आणि श्रीपाद समोर येऊन उभा राहिला. घामाने भिजलेला, धावत आल्यासारखा. केस पुन्हा वाढले होते. समोरच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. खालच्या अंगणातला पत्त्यांचा आरडाओरडा एकदम थांबला.

"मिळाली," तो म्हणाला. एवढंच. मग हात कुठे ठेवावे ते न कळून त्याने ते मागे बांधले. "परवानगी. काल क्लबात कळलं. पुढच्या महिन्यापासून सुरू. मला वाटलं, आधी इथे सांगावं. मी लगेच जातो, ताई. आत नाही येत."

मंदाकिनीला काही क्षण त्याच्याकडे बघवलं नाही. तिने सूप बाजूला ठेवलं आणि उठली. चाळीचे सगळे डोळे पाठीवर आहेत हे तिला जाणवत होतं. शाळेची कमिटीही आठवली, आणि सोमवारी तिथे पोचणारी बातमीही.

"उन्हातून आलास," ती म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, कोणालाही ऐकू जाईल असं. "आत ये. पाणी पी आधी."

तो उंबऱ्यापाशी घुटमळला. तिने दाराची दोन्ही कवाडं भिंतीला टेकेपर्यंत उघडली, आत जाऊन त्याच्यासाठी पाट मांडला, आणि माठातलं पाणी काढायला वळली.